एकशे बत्तीस अंश तीस मिनिटं

कीबोर्डवर अंशाचं चिन्ह नसतं. ते वरचं छोटं शून्य हाताने काढता येतं, छापता येतं, पण कॅडमध्ये, म्हणजे नकाशे काढायच्या प्रोग्राममध्ये, कोन टाकायचा तर त्याच्या जागी इंग्रजी डी टाइप करावा लागतो. मग मिनिटांसाठी एक उभी रेघ, सेकंदांसाठी दोन. मध्ये कुठेही जागा सोडायची नाही, कारण स्पेसबार दाबला की कॉम्प्युटर समजतो तुमचं सांगून झालं, आणि अर्धवट कोन घेऊन रेघ मारून मोकळा होतो. वर मिनिटाचं चिन्ह तेच फुटाचं आणि सेकंदाचं तेच इंचाचं. नवीन माणूस पहिला आठवडा यातच गोंधळलेला असतो. मी हे काम एकवीस वर्षं करते आहे, फरीदाबादला, जमीन मोजणीची कामं घेणाऱ्या एका छोट्या ऑफिसात. साइटवरून मोजमापांची वही येते आणि मी तिच्यावरून नकाशा काढते.

या कामात एक चूक अशी आहे जी फक्त आमच्याच लोकांकडून होऊ शकते. कोन असतो एकशे बत्तीस अंश तीस मिनिटं, आणि घाईत माणूस टाकतो १३२.३०. कॉम्प्युटर तक्रार करत नाही, त्याला दशांश चालतो. पण अंशात मिनिटं असतात साठ. तीस मिनिटं म्हणजे अर्धा अंश, म्हणजे १३२.५ हवं. साडेचार वाजले याला कोणी चार पूर्णांक तीन तास म्हणत नाही, तसंच हे. १३२.३० टाकलं तर प्रत्यक्षात रेघ पडते एकशे बत्तीस अंश अठरा मिनिटांवर. बारा मिनिटं कमी. स्क्रीनवर ते डोळ्याला दिसतसुद्धा नाही. नवीन माणसाला पहिल्या दिवशी मी हे समजावते, आणि तरीही कोणी केलंच तर त्याला चांगलं फैलावर घेते. निदान हे सगळं घडेपर्यंत घेत होते. चुका करणारी माणसं मला आवडत नसत आणि हे मी लपवूनही ठेवत नसे. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला काय म्हणत असतील याची मला कल्पना आहे.

मोजणीचं यंत्र घेऊन साइटवर जाणारे जे गृहस्थ होते, त्यांना सगळे ताऊजी म्हणत. पलवलकडचे, साठी ओलांडलेले, उंच. निवृत्तीचं वय होऊन गेलं होतं, पण बॉस त्यांना एकेक वर्ष वाढवून देत होता. यंत्राची पेटी ते जीपमध्ये स्वतःच्या मांडीवर घेऊन बसत. दुसऱ्या कोणी ती उचललेली त्यांना खपत नसे, आणि पेटी हातात नसली की हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नसे. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

आमच्या दोघांची एक पद्धत होती. साइटवरून आले की ते माझ्या डाव्या बाजूला प्लास्टिकच्या स्टुलावर बसत, वही उघडत आणि एकेक कोन वाचत. "चौंसठ डिग्री, सत्रह मिनट, चालीस सेकंड." मी टाइप करायची आणि जे टाइप केलं तेच मोठ्याने परत म्हणायची. ते "ठीक" म्हणत आणि वहीत पेन्सिलीने टिक करत. आकडे तोंडाने हिंदीत आणि डोक्यात मराठीत. ते 'उनसठ' म्हणत तेव्हा माझी बोटं 'एकोणसाठ' ऐकत. या पद्धतीत वेळ जातो, बॉसला ती जुनाट वाटायची. पण दोनशे मीटरवर एक सेकंद म्हणजे एक मिलिमीटर, आणि आमच्या दोघांच्या नकाशात तो मिलिमीटरही कधी हलला नाही. त्याचा आम्हाला जरा माजच होता म्हणा ना.

नोव्हेंबर संपता संपता पुण्याला माझी आई गेली.

दादाचा फोन आला तेव्हा मी कोन टाकत होते. फोन वाजत राहिला, मी सेकंद टाकून, एंटर दाबून मग तो उचलला. आईला आजार असा काही नव्हता. रोज दुपारी ती मला फोन करून दिल्लीच्या हवेचा आकडा सांगायची. टीव्हीवर बघायची आणि म्हणायची, "आज तुमच्याकडे चारशे वीस दाखवतायत, खिडक्या लावल्यास का?" मी ऑफिसात असायचे, ऑफिसच्या खिडक्या माझ्या हातात नाहीत हे तिला पंधरा वर्षं सांगून झालं होतं. त्या दिवशी दुपारी तिने फोन केला नव्हता आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

तेरा दिवस पुण्यात काढले. सगळं केलं, सगळ्यांना चहा दिला, आल्या-गेल्याचं बघितलं. रडू आलं नाही. मावशी स्वयंपाकघरात कोणाला तरी म्हणाली, "दिल्लीत राहून हिचं काळीज दगडाचं झालंय." मला ऐकू गेलं आणि त्याचंही काही वाटलं नाही. माझी मुलगी फोनवर विचारत होती, "आई, सुतक म्हणजे एक्झॅक्टली काय असतं?" मी तिला एखाद्या नियमाची माहिती द्यावी तशी माहिती दिली. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला नसतो, तशी मी आख्खी होते. दुखत नव्हतं. कुठे चावलं जातंय तेही कळत नव्हतं.

परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. नवरा म्हणाला, "यार, दोन दिवस थांब. मी पण सुट्टी टाकतो." तो केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, त्याची सुट्टी मंजूर होईपर्यंत दोन दिवस उलटले असते. मला घरी बसायचं नव्हतं. ऑफिसातही प्रत्येकजण हळू आवाजात बोलत होता, आणि ते तर मला अजिबात नको होतं.

ताऊजी वही घेऊन आले. स्टूल ओढलं. बसायच्या आधी त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "मैडम जी, माँ का तो..."

"ताऊजी, वही... कॉपी दे दीजिए," मी म्हणाले. "मैं अकेली कर लूँगी."

त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. मग वही माझ्यापुढे ठेवून निघून गेले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना घालवलं होतं. मला शेजारी सहानुभूती घेऊन बसलेलं माणूस नको होतं, बस.

काम एका कारखान्याच्या कुंपणभिंतीचं होतं. कोपऱ्यावरच्या दगडापासून दोनशे चाळीस मीटर सरळ जाणारी भिंत. पलीकडच्या टोकाचा जुना दगड नांगरणीत कधीच नाहीसा झाला होता, त्यामुळे जुन्या कागदांवरून ताऊजींनी वहीत उतरवलेला कोन हाच काय तो आधार. बाकीच्या रेघा एकमेकींना मिळणाऱ्या होत्या, तिथे चूक झाली असती तर रेघा जुळल्या नसत्या आणि मला कळलं असतं. ही एकच रेघ एका बाजूला मोकळी होती. वहीत लिहिलं होतं १३२-३०-००.

माझा डावा हात मांडीवर होता. तो मी का उचलला नाही हे मला सांगता येणार नाही. डी डाव्या हाताने टाकायचा असतो. उजवा हात आकड्यांवर होता आणि आकड्यांच्या शेजारीच टिंब असतं. सेकंद शून्य होते, म्हणजे पुढे काही टाकायचंच नव्हतं. शेजारी परत म्हणून दाखवायला कोणी नव्हतं. मी नकाशा छापला. 'तपासणाऱ्याची सही' अशी चौकट असते, तिथे ताऊजींनी न बघता सही केली, आणि मी ती करताना त्यांना बघितलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी छापील नकाशावरचा कोन लावून साइटवर खुणा रोवल्या. मालकाला घाई होती, गुरुवारी खोदकाम झालं. शुक्रवारी सकाळी शेजारच्या जमिनीचे मालक आमच्या ऑफिसात आले. खोदकाम त्यांच्या जमिनीतून गेलं होतं, टोकाला जवळजवळ पावणेतीन फूट आत, आणि वाटेत येणारी सफेद्याची, म्हणजे निलगिरीची, सात झाडं खोदणाऱ्यांनी तोडून टाकली होती. त्यांनी आरडाओरडा केला नाही. खुर्चीवर बसून "मेरे बाप के लगाए हुए थे" एवढंच दोन-तीनदा म्हणाले. बॉसने माफी मागितली, चहा मागवला. मग केबिनमध्ये ताऊजींना बोलावलं, आणि तिथे मात्र आवाज चढला. म्हाताऱ्याची नजर गेली आहे, यंत्र नीट लावता येत नाही, वगैरे.

शनिवारी ऑफिस अर्धंच असतं. मी फाइल उघडली, त्या रेघेवर क्लिक केलं आणि तिची माहिती मागवली. १३२ अंश १८ मिनिटं.

एका क्षणात सगळं कळलं. दोनशे चाळीस मीटरवर बारा मिनिटं म्हणजे चौऱ्यांशी सेंटिमीटर, म्हणजे पावणेतीन फूट. हिशेब मी तोंडी केला, तो बरोबर आला, आणि बरोबर आला याचं मला बरंसुद्धा वाटलं. बाकी काही वाटलं नाही. आणि मग मी जे केलं ते मी आजवर कोणाला नीट समजावू शकलेले नाही. मी तो कोन दुरुस्त केला. डी टाकून, मिनिटाची रेघ टाकून, नीट. चुकीचा कोन मला स्क्रीनवर ठेववत नाही, एकवीस वर्षांची खोड आहे. फाइल सेव्ह केली, बंद केली आणि मेट्रोने घरी आले.

सोमवारी बॉस माझ्या टेबलाशी आला. पाठोपाठ ताऊजी, वही हातात. "जरा वो लाइन दिखाइए," बॉस म्हणाला. मी दाखवली. एकशे बत्तीस अंश तीस मिनिटं. बॉसने वहीत बघितलं, स्क्रीनवर बघितलं. "ड्रॉइंग तो बिल्कुल ठीक है," तो म्हणाला. "मतलब साइट पर ही गड़बड़ हुई है." साइटवर नेलेला छापील कागद मागायचं त्याला सुचलं नाही. कॉम्प्युटर समोर असताना कागद कोण बघतो?

ताऊजी स्क्रीनकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.  मी फाइल बंद केली.

त्याच दुपारी यंत्राची पेटी त्यांच्याकडून काढून घेतली. मार्चपर्यंत ऑफिसात बसा, मग बघू, असं बॉसने सांगितलं. मार्चनंतर काय बघणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना मागच्या खोलीत जुने नकाशे वर्षवार लावायला बसवलं. मी पाणी प्यायला जाताना ते दिसत. नकाशाची गुंडाळी उलगडायची, तारीख बघायची, परत गुंडाळायची. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि चोर कोण तेही. मनात वाक्य तयार होतं: सर, चूक माझी आहे. हिंदीतसुद्धा तयार होतं. ते बोलायला कुठून तरी एक धक्का लागतो, तो माझ्यात नव्हता. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या. त्यात घालमेल नव्हती, झोप उडालेली नव्हती. मी व्यवस्थित जेवत होते.

मधल्या रविवारी पुण्याहून मावसभाऊ आणि वहिनी आले. आईसाठी भेटायला म्हणून आले आणि मग, इतक्या लांब आलोच आहोत तर, म्हणून पानिपत बघायचं ठरलं. पुण्याहून आलेल्या माणसाला काला अंब, म्हणजे तिथलं लढाईचं स्मारक, दाखवणं हे इथल्या मराठी घरांचं ठरलेलं काम आहे. माझा नवरा त्याला गमतीने आपली राजदूतगिरी म्हणतो. धुकं होतं, आणि महामार्गावर ट्रकच ट्रक. स्मारकापाशी भाऊ खाली वाकला, मातीला हात लावला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. बँकेत अधिकारी असलेला पन्नाशीचा माणूस. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी मेलेल्या, नावंही माहीत नसलेल्या माणसांसाठी. वहिनीचेही डोळे भरले. मी त्यांच्या पिशव्या धरून उभी होते आणि माझी आई जाऊन महिना झाला होता. मला त्याचा हेवा वाटला म्हणावं तर तेही नाही. वाटलं असं की याच्याकडे काहीतरी आहे जे आमच्याकडे संपलंय, गॅस सिलिंडर संपावा तसं.

येताना गाडीत नवऱ्याने हळूच विचारलं, "ऑफिसमध्ये काही झालंय का?"

"नाही. का?"

"काही नाही. तू हल्ली कोणावर चिडत नाहीस."

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी बॉसने मला एक पत्र तयार करायला सांगितलं. कारखान्याच्या मालकाला द्यायचं, म्हणजे त्याला शेजाऱ्याशी मिटवता येईल. साइटवर यंत्र हाताळण्यात चूक झाली, संबंधित व्यक्तीला साइटच्या कामावरून दूर केलं आहे, आम्ही दिलगीर आहोत. खाली संबंधित व्यक्तीची सही. मी टाइप केलं. शुद्धलेखन तपासलं. मागच्या खोलीत जाऊन ताऊजींच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावला. सावकाश पूर्ण वाचलं. मग म्हणाले, "इसमें फर्क नहीं लिखा."

"कैसा फर्क?"

"कितने मिनट का फर्क था. वो लिख दो, फिर साइन कर दूँगा."

"उसकी ज़रूरत नहीं है, ताऊजी."

"अच्छा," ते म्हणाले. पत्र त्यांनी टेबलावर ठेवलं, त्यावर एक नकाशाची गुंडाळी ठेवली, उडू नये म्हणून. "तो फिर बाद में."

मी जागेवर येऊन बसले तेव्हा लक्षात आलं. ऑफिसात, साइटवर, शेजाऱ्याच्या तोंडी, सगळीकडे पावणेतीन फूट चाललं होतं. यंत्र हलवलं, नजर चुकली, तर चूक कितीचीही होते, तिला कोणी मिनिटांत मोजत नाही. मिनिटांत तोच बोलेल ज्याला रेघ कशी चुकली ते माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून ताऊजी कामावर आले नाहीत.

शनिवारी सकाळी मी बॉसच्या केबिनमध्ये गेले. तो दुरुस्त कोन सेव्ह केला त्याला तेव्हा बरोबर चौदा दिवस झाले होते. धक्का वगैरे काही लागला नव्हता; पाय आपणहून गेले म्हणा. मी म्हटलं, "सर, वो गलती मेरी थी. मैंने पॉइंट डालकर एंगल लिखा था. बाद में फाइल ठीक कर दी."

तो हसला. त्याला वाटलं मी ताऊजींना वाचवायला बोलते आहे. मग मी कागदावर गणित मांडून दाखवलं. बारा मिनिटं, दोनशे चाळीस मीटर, चौऱ्यांशी सेंटिमीटर. त्याने कागद जवळ ओढला, आणि मग त्याचा चेहरा मऊ पडला.

"आपकी मदर की डेथ हुई थी," तो म्हणाला. "हो जाता है, मैडम. अब लेटर बन ही गया है, रहने दीजिए."

म्हणजे तीच चूक. त्यांच्या नावावर असली तर पेटी काढून घ्यायची, माझ्या नावावर आली तर होऊन जातं. मी जागेवर गेले, पत्र नवीन टाइप केलं, त्यात बारा मिनिटं लिहिली, नकाशा काढणाऱ्याची चूक असं लिहिलं, खाली माझी सही केली आणि त्याच्यापुढे नेऊन ठेवलं. त्याने बराच वेळ पेन फिरवत वाचलं. शेवटी म्हणाला, "ठीक है. ताऊजी को बोल दीजिए, सोमवार से फील्ड."

मी पत्राची एक प्रत पर्समध्ये घातली आणि जुन्या फरीदाबादला त्यांचं घर शोधत गेले. रिक्षात बसल्यावर मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, जरा अभिमानच वाटत होता. इतक्या दिवसांनी का होईना, मी सांगितलं होतं, कोणी न विचारता. मनात मी त्यांचं उत्तरही तयार ठेवलं होतं: कोई बात नहीं मैडम जी, इंसान है.

ते अंगणात उन्हाला खाटेवर बसले होते. त्यांची बायको, ऑफिसात सगळे तिला ताईजी म्हणत, बाजूला मटार सोलत होती. मला बसायला खुर्ची दिली. मी पत्र काढलं आणि सगळं सांगितलं, बॉसला सांगितलं तसंच, त्याच क्रमाने. त्यांनी पत्र घेतलं, न उघडता खाटेवर ठेवलं. आत गेले आणि साइटवर न्यायची त्यांची कापडी पिशवी घेऊन आले. तिच्यातून चार घड्या घातलेला नकाशा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

माझाच नकाशा होता. त्या रेघेवर १८ मिनिटं छापलेली, त्याभोवती पेन्सिलीने गोल, आणि शेजारी वहीतला खरा कोन. खाली तारीख. झाडांचे मालक ऑफिसात आले होते त्याच शुक्रवारची.

"आपको पता था," मी म्हणाले.

"उसी दिन मिला लिया था. पहले मिलाना चाहिए था, वो मेरी गलती. आपका काम मैंने कभी मिलाया नहीं."

"तो बताया क्यों नहीं?"

"सोचा, माँ गई है, सदमे में है. दो दिन में खुद बोल देगी." ते खाटेवर बसले. "फिर सोमवार को आपकी स्क्रीन पर तीस मिनट देखे."

मी नकाशाची घडी घालायला लागले.

"गलती सबसे होती है, मैडम जी. मुझसे भी हुई है. पर आपने तो देख ली थी. ठीक भी कर ली. और फिर मुझे वहाँ खड़ा रहने दिया."

माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते खरं होतं, म्हणून मी ते दिलं. "ताऊजी, मुझे कुछ महसूस ही नहीं हो रहा था. माँ के बाद से. सच कहती हूँ, कुछ भी नहीं."

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"आपको नहीं हुआ," ते म्हणाले. "मुझे तो हुआ."

माझे कान तापले. खुर्चीवर बसवेना आणि उठवेना. मला लाज वाटली, अशी की अंगावरचे कपडे टोचायला लागले. पाच आठवड्यांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं आणि ते हे होतं. पाठोपाठ रडू आलं, आवाज करत, नाक वाहत, जे तेरा दिवस पुण्यात सगळे माझ्याकडून मागत होते ते.

ताईजी मटारचं ताट बाजूला सारून उठली. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रो ले बेटी, रो ले. माँ तो माँ ही होती है."

ताऊजी माझ्याकडे बघत होते. मान हलवली असती तर चाललं असतं. त्या अंगणात कोणी मला खोटं म्हटलं नसतं.

"माँ के लिए नहीं रो रही, ताईजी," मी म्हणाले.

तिला समजलं नाही. तिने हात काढला नाही. ताऊजींनी खाटेवरचं पत्र उचललं, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.